उरलेल्यांची थुंकी

३ फेब्रुवारी

शहाणे,

आशीर्वाद आज लिहीत नाही. राग उतरला की वेगळे पाठवीन. फोन केला असता, पण फोनवर तू मधेमधे बोलतेस आणि माझं निम्मं पोटातच राहतं, म्हणून पत्र.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे. ‘सोमल पचवणारे लोक’ असा मथळा आणि खाली पांढऱ्या कोटातली, हसणारी तू. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे मला तुझा फोटो आणि ठळक अक्षरं एवढंच दिसलं. मूर्खासारखी सकाळभर सगळ्यांना दाखवत फिरले, ही बघा माझी भाची. मग दवाखान्यातल्या कंपाउंडरने बाकड्यावर बसलेल्या पंधरा-वीस जणांसमोर सगळं मोठ्याने वाचलं. आपल्या पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष आहे, पण इथल्या लोकांच्या रक्तातच त्याचा बंदोबस्त आहे, असं संशोधनात दिसलं म्हणे. शेवटी पाणीपुरवठा खात्याच्या इंजिनियरसाहेबांची दोन वाक्यं. इथल्या लोकांना पाण्याची सवय झालेली असल्यामुळे टाकीवर बसवायचा फिल्टर ‘अधिक गरजू’ ठिकाणी हलवण्यात येत आहे.

नऊ वर्षं अर्ज केले आम्ही. नऊ वर्षांनी मंजूर झालेला फिल्टर तू एका फोटोत घालवलास.

दोनशे बारा माणसांची थुंकी मी गोळा केली, लक्षात आहे ना? दारोदार नळ्या घेऊन फिरले. तीस वर्षं याच घरांतली बाळंतपणं केली म्हणून लोकांनी दार उघडलं. कशाला हवी नर्सबाई, असं विचारलं तर मी सांगायचे, भाची तपासणार आहे, आपल्याला चांगलं पाणी मिळायला उपयोग होईल. त्याच लोकांच्या रांगेत मी आता नळावर उभी राहते आणि कोणी माझ्याकडे बघत नाही.

एकाच प्रश्नाचं उत्तर दे. हे तू लिहिलंस की नाही?

मावशी


१२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

आशीर्वाद न देता पत्र पाठवलंस तरी माझा नमस्कार घे.

‘पाणी पिण्यायोग्य आहे’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही. वर्तमानपत्रवाल्यांना मथळा हवा असतो. मी काय लिहिलं ते नीट सांगते, म्हणजे तुलाच कळेल की यात माझी चूक नाही.

पत्त्यांचा जोड डोळ्यांसमोर आण. दर पिढीला आई-बापांचे पत्ते पिसले जातात आणि मुलाला त्यातले मिळतात. शंभर पिढ्या पिसल्यावर कुठलेही वीस पत्ते ओळीने तसेच्या तसे राहायला नकोत. पण तुमच्याकडच्या बहुतेकांच्या हातात एका जागी तेच वीस पत्ते त्याच क्रमाने आले. त्या वीसच्या मधोमध जो पत्ता आहे तो सोमल शरीराबाहेर लवकर टाकायला मदत करतो. डोंगरापलीकडे, जिथलं पाणी स्वच्छ आहे, तिथे शंभर प्रतींत (प्रत्येकाकडे एक आईची, एक बापाची अशा दोन प्रती असतात) हा पत्ता नऊ वेळा सापडतो. तुमच्याकडे सत्तर वेळा. इतक्या भराभर एखादी गोष्ट योगायोगाने पसरत नाही. पिसायला वेळच मिळाला नाही इतकी ती जोरात पसरली. याला नैसर्गिक निवड म्हणतात, आणि ती माणसात इतकी स्वच्छ दिसणं फार दुर्मीळ आहे. आमच्या विभागात सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तुझ्या दोनशे बारा नळ्यांशिवाय हे झालं नसतं, आणि लेखाच्या शेवटी तुझे आभार मानले आहेत.

खात्याने याचा काय अर्थ काढायचा तो त्यांचा प्रश्न आहे. मी काय करणार?

तुझीच


२० फेब्रुवारी

शहाणे,

आभार मिळाले. नळावर भरून ठेवले.

पत्त्यांचं कळलं. मी काही इतकी ढ नाही. पण पत्त्यांच्या खेळात एक गोष्ट तू शिताफीने गाळलीस. तो पत्ता भराभर पसरला म्हणजे काय झालं? पत्त्याला पाय फुटले? ज्यांच्याकडे तो होता त्यांची पोरं जगली आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांची गेली, असंच ना? मग तसं लिही की. निवड म्हणे. कुणी निवडलं आम्हाला? आम्ही पुरलं, बाई. शंभर पिढ्या पुरत आलो तेव्हा तुझी ती सुंदर ओळ तयार झाली.

माझी तीन गेली हे तुला माहीत आहे. एक पोटातच, एक अकरा दिवसांचं, एक दीड वर्षाचं, चालायला लागलेलं. तुझा दादा राहिला. तुझ्या लेखात माझी थुंकी आहे, दादाची आहे. त्या तिघांची कुठे आहे? तू उरलेल्यांना तपासलंस आणि सगळे कसे ठणठणीत उरलेत म्हणून जगाला सांगितलंस.

आणि ‘तो त्यांचा प्रश्न आहे’ हे वाक्य पुन्हा मला लिहू नकोस. खात्याच्या खिडकीवर नऊ वर्षं हेच ऐकलंय, तेही तुझ्यापेक्षा गोड आवाजात.

आता कामाचं. मला नळी क्रमांक ११८ चा निकाल हवा आहे. त्या माणसाकडे तो पत्ता आहे की नाही, एवढंच. उलट टपाली कळव.

मावशी


१ मार्च

प्रिय मावशी,

तुझ्या तीन मुलांबद्दल मला वाईट वाटतं, खरंच. पण ती पाण्यामुळेच गेली असं माझी आकडेवारी सांगू शकत नाही. ती हजारो माणसांचं, शेकडो वर्षांचं सांगते. एका घरातलं, एका मुलाचं नाही. रागावू नकोस, पण विज्ञानात भावनेच्या भरात बोलून चालत नाही.

११८ चा निकाल मी सांगू शकत नाही. आम्ही कुणालाच व्यक्तिशः निकाल कळवत नाही, तसा करार आहे आणि त्या फॉर्मवर सही घेणारी तूच होतीस. शिवाय निकाल नाहीच. ११८ ची नळी मोजणीतून काढून टाकली आहे.

का ते ऐक. आमच्या मोजणीत जवळचे नातेवाईक चालत नाहीत. एकाच घरातली दोन माणसं घेतली तर त्यांचे पत्ते सारखे असणारच, आणि उगाच वाटतं की सगळ्या वस्तीत ते सारखे आहेत. म्हणून संगणक अशी जोडी शोधतो आणि त्यातला एक काढून टाकतो. दादासुद्धा तसाच निघाला. त्याची नळी तू नुसती कौतुकाने दिली होतीस आणि तसं लिहिलंही होतंस, म्हणून त्याचं काही नाही. पण ११८ हे क्रमांक ७ चं जवळचं रक्त निघालं. सात म्हणजे तू. आणि फॉर्मवर तू लिहिलं आहेस, ‘शेजारची शिवणवाली, वय चौसष्ट, नातं नाही.’

मावशी, हे काय आहे? नात्याचं खोटं लिहिलं की सगळं काम नासतं. माझ्या सरांनी मला चारचौघांत विचारलं की नमुने गोळा करणारी बाई विश्वासाची आहे ना. मी हो म्हणाले. माझं तोंड पडलं ते पडलंच. ११८ कोण आहे?

तुझीच


९ मार्च

शहाणे,

११८ छकुली आहे. दादाची मुलगी, वय वर्षं पाच. तिच्या बारशाला तू फ्रॉक पाठवला होतास, तीच.

शिवणवालीने आयत्या वेळी नकार दिला. म्हणाली, थुंकायचंच असेल तर खात्याच्या दारात जाऊन थुंकेन. नळी रिकामी राहिली. तुमच्या कागदावर लिहिलं होतं, साठीच्या पुढचेच घ्या, चारही आजी-आजोबा इथलेच हवेत, बाहेरून आलेले नकोत, लहान मुलं नकोत. म्हणजे जे सोमल पिऊन साठ वर्षं टिकले तेवढेच हवेत. असली चाळणी लावून मग म्हणायचं, बघा किती टणक लोक आहेत. ही अक्कल कुणाची गं? तुझी की तुझ्या सरांची?

सूनबाई बाहेरची आहे, स्वच्छ पाण्यावर वाढलेली. छकुलीच्या तळहातांवर गेल्या वर्षीपासून कडक ठिपके यायला लागलेत, मोहरीएवढे. तळपायांवरही आहेत. मी नर्स आहे, मला ते कशाचे ते कळतं. दवाखान्यातला नवा डॉक्टर म्हणाला, मातीत खेळत असेल. मोठ्या दवाखान्यात नेलं तर म्हणाले, ही तपासणी इथे होत नाही. मग माझ्याकडे उरलं कोण? घरातली एकुलती एक शिकलेली मुलगी, जिच्याकडे यंत्र आहे आणि जी दोनशे बारा जणांची थुंकी फुकट तपासणार आहे. त्या नळ्यांत माझ्या नातीची एक नळी घुसवली. हो, खोटं लिहिलं. पुन्हा लिहीन.

सहा महिने वाट बघितली. मनात म्हणायचे, ११८ बघून तिला शंका येईल, विचारेल, मावशी हे काय आहे. आणि तू काय केलंस? आपलंच रक्त आहे असं यंत्राने सांगितलं म्हणून न बघता फेकून दिलंस.

मी तुला जन्मल्यावर मांडीवर घेतलं नाही, तू तिकडे जन्मलीस. पण पाच वर्षांची असताना तुला गोवर झाला तेव्हा तीन आठवडे येऊन उशाशी बसले होते. तेव्हा कुठला करार केला नव्हता आपण.

मावशी


२४ मार्च

मावशी,

उत्तराला उशीर झाला. चार पत्रं लिहून फाडली.

नळी फेकली नव्हती, नुसती मोजणीतून काढली होती. ती फ्रीजमध्ये होती आणि तिचा निकालही संगणकात पडून होता. इतके दिवस तो एका बोटाच्या अंतरावर होता आणि मी बघितला नाही. परवा बघितला. करार मोडून सांगते आहे. छकुलीकडे तो पत्ता नाही. दादाच्या दोन प्रतींपैकी एकीतच तो आहे, आणि नेमकी दुसरी तिला मिळाली. सूनबाईकडून तो मिळण्याची आशा कमीच होती, तिकडूनही आला नाही. तिला त्या पाण्याचा एक थेंबही देऊ नकोस. स्वयंपाकालासुद्धा नको. उकळून काही होत नाही, उलट पाणी आटतं आणि सोमल तेवढाच राहतो.

आणखी एक आहे. पहिल्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले. वर्तमानपत्राची चूक नव्हती. गेल्या वर्षी एका परिषदेत चहाच्या वेळी तुमच्या खात्याचा इंजिनियर मला भेटला. मी खुशीत होते, भाषणाला टाळ्या पडल्या होत्या. त्याने विचारलं, म्हणजे लोकांना सवय झाली आहे म्हणायचं का? मी म्हणाले, तसं म्हणता येईल. त्याने तिथल्या तिथे वहीत टिपलं. मला ते दिसलं, आणि बरं वाटलं की माझं बोलणं कुणीतरी टिपून घेतंय. कात्रणात त्याचं वाक्य वाचलं तेव्हाच मी ओळखलं की हे माझं आहे, आणि तरी तुला पत्त्यांचा खेळ शिकवत बसले.

मी खात्याला लिहिलं की शंभरातल्या तीस प्रती वेगळ्या आहेत, बाहेरून आलेल्या सुना आणि कामगार आहेत, मुलं आहेत, आणि ज्यांच्याकडे पत्ता आहे त्यांनाही सोमल बाधतोच, फक्त कमी. आठवड्यात उत्तर आलं. त्यांना माझा मुद्दा तत्त्वतः मान्य आहे. म्हणून ज्या घरांत तो पत्ता नाही तेवढ्या घरांना रोज स्वच्छ पाण्याचे कॅन देऊ, यादी पाठवा.

माझ्याकडे क्रमांकच आहेत. नावांची वही नियमाप्रमाणे तुझ्याकडे आहे. खात्याचे लोक ती मागायला तुझ्याकडे येतील. काय करायचं ते मला सुचत नाही. यादी दिलीस तर छकुलीला पाणी लगेच मिळेल. मी तिचं सांगितलं तर इंजिनियर म्हणतो, तिचं नाव सोमवारी पहिलं घालू.

तुझी


११ एप्रिल

बाळ,

ते आले होते. इंजिनियर आणि बरोबर एक कारकून. मी वही पाटावर ठेवली आणि तिच्यावर बसले. माझ्या वजनाच्या बाईला उठवायची दोघांचीही हिंमत नव्हती. चहा दिला, आपल्याच नळाच्या पाण्याचा. इंजिनियरने कप तोंडाला लावला नाही. म्हटलं, घ्या की साहेब, सवय होते.

बातमी आधीच फुटली होती. दारात पन्नास माणसं. प्रत्येकाला एकच विचारायचं होतं, आमच्या घरात आहे की नाही? आदल्या दिवसापर्यंत एका नळावर भांडून पुन्हा हसणाऱ्या बायका एकमेकींच्या पोरांचे हात उलटे करून बघत होत्या. एक जण म्हणाला, आमच्यात नसेल तर उद्या मुलीला स्थळ कोण देईल? दुसरा म्हणाला, आणि आमच्यात असेल तर आम्ही जन्मभर विष प्यायचं का, शिक्का मारून? शिवणवाली गर्दीतून पुढे आली. मग इंजिनियरला म्हणाली, एक फिल्टर बसवायचा सोडून तुम्ही माणसं कसली छाटताय? त्याने कानावर हात ठेवले. वरून आदेश आहे म्हणाला.

मी वही दिली नाही. म्हटलं, पाणी द्यायचं तर टाकीत द्या, सगळ्यांना.

ते गेल्यावर तुझा दादा माझ्यासमोर उभा राहिला. इतक्या शांतपणे बोलला की ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, आई, तुझ्या हातात तिचं पाणी होतं आणि तू त्याच्यावर बसून राहिलीस. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. सूनबाईने दोन पिशव्या भरल्या आणि छकुलीला घेऊन माहेरी गेली. जाताना पाया पडली. मला तेच जास्त लागलं.

आता तुला जे कधीच सांगितलं नाही ते सांगते, कारण तुझी आई आता नाही आणि मला ते एकटीने वागवणं जमेनासं झालंय. तू तिची एकुलती एक नाहीस. तुझ्या आधी दोघं झाली, दोघंही इथेच गेली, दोन्ही वेळा मीच तिचं बाळंतपण केलं होतं. तुझ्या वेळी तिसरा महिना लागला आणि एका सकाळी ती तुझ्या बाबांना घेऊन निघाली. चुलीवरचं भांडं उतरवलं नाही. मी स्टँडपर्यंत मागे गेले आणि सगळ्यांदेखत तिला पळपुटी म्हणाले. म्हटलं, आम्ही काय माणसं नाही का, आम्ही राहतोच ना इथे? पाच वर्षं एकमेकींना पत्र नाही. तुला गोवर झाला तेव्हा कुठे बोललो.

परवा सूनबाईच्या मागे मी स्टँडवर गेले नाही. दारातूनच बघितलं.

खात्याने बावीस तारखेला, मंगळवारी सुनावणी ठेवली आहे. शेवटचं तेव्हाच ठरणार. मी वही दिली नाही हे बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. रागाच्या भरात केलं एवढंच खरं. तू शिकलेली आहेस, तुला कळत असेल तर सांग.

मावशी


१६ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र सोमवारी आलं. मंगळवारी प्रयोगशाळेत कुणी यायच्या आत मी एका नळीत थुंकले. तीस वर्षांपूर्वी तिकडून निघालेल्या बाईची मुलगी म्हणून माझा नमुना मोजणीत कधीच घेता आला नसता, कारण जन्म बाहेरचा. मलाही कधी घ्यावासा वाटला नाही. संध्याकाळी निकाल बघितला.

माझ्याकडे तो पत्ता नाही. एकही प्रत नाही. मी छकुलीसारखी आहे.

मग राग आला. आधी तुझा आला, इतकी वर्षं सांगितलं नाहीस म्हणून. मग आईचा. मग लक्षात आलं की आई चुलीवरचं भांडं टाकून निघाली म्हणून मी शिकले, मोठी झाले, पांढरा कोट घातला, आणि तो घालून एका इंजिनियरला सांगितलं की लोकांना सवय झाली आहे म्हणायला हरकत नाही. त्यानंतर राग कुणाचा करायचा ते शोधायला यंत्र लागलं नाही.

वही देऊ नकोस. तू रागाच्या भरात केलंस तरी बरोबरच केलंस. दादाला मी येऊन सांगते, आणि नाही ऐकलं तर त्याच्या शिव्या निम्म्या मी खाईन. सूनबाईला बोलावू नकोस, फिल्टर बसेपर्यंत तिला तिथेच राहू दे. छकुलीला मोठ्या शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरकडे मी स्वतः नेणार आहे, तारीख घेतली आहे. पाणी बदललं तर तिच्या हातांना पुढे आणखी त्रास होणार नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते. याहून जास्त खात्री देत नाही. खोटं एकदा बोलून झालं आहे.

माझ्या सरांनी सांगितलंय की सुनावणीत बोलायचं असेल तर फक्त आकड्यांवर बोल, स्वतःचं काही मधे आणू नकोस, त्याने कामाची विश्वासार्हता जाते. मी येते आहे. एकवीसला संध्याकाळी पोचेन. पाणी घेऊन येते.

इंजिनियर पहिल्यांदा विचारेल की तुमचं संशोधन खोटं आहे का. मी म्हणणार, नाही, पूर्ण खरं आहे. मग मी भिंतीवर तो तक्ता लावणार, जो बघून सगळ्यांनी माझी पाठ थोपटली होती. त्यावर तू नमुना घेतलेल्या प्रत्येकाचा एकेक ठिपका आहे, मजबूत, उरलेल्या माणसाचा. त्याला सांगणार की साहेब, यात माझा ठिपका नाही, कारण मी बाहेर जन्मले. आणि इथे जन्मले असते तरी तो नसता. माझ्या दोन भावंडांचा नाही, तसाच. एवढं सांगून झालं की त्याने मला सगळ्यांसमोर पुन्हा एकदा विचारावं, की लोकांना सवय झाली आहे का.

तुझी भाची